लोहाराचे हात

त्या पुस्तकात एकशे अडतिसाव्या पानावर लोहाराचे दोन्ही हात तोडतात. मला हे बायको गेल्यावर कळलं. तोपर्यंत आम्ही सगळे समजत होतो की लोहार जिवंत आहे, धडधाकट आहे आणि शेवटी तोच सगळ्यांना पुरून उरणार आहे.

नीट सांगतो.

मी कत्तलखान्यात काम करतो. हाडावरून मांस सोडवायचं काम. बावीस वर्षं झाली. बायको त्याच इमारतीत पॅकिंगच्या टेबलावर होती. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, अगदी पहिल्या टोकाला. जनावर आत आलं की कपाळाला पिस्तूल टेकवायचं आणि खिळा मारायचा. जनावर जागच्या जागी खाली. दिवसभर तेच. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा झाला आहे.

साडेबाराला अर्ध्या तासाची सुट्टी होते. जेवायच्या खोलीत एक लांब पत्र्याचं टेबल आहे, दोन्ही बाजूंना बाकं. तिथे पूर्वी रोज भांडणं व्हायची. माणूस सकाळी सहापासून रक्तात उभा असला की साडेबाराला त्याच्या अंगात काहीतरी शिल्लक राहतंच. एकदा मेहुण्याने एकाचं डोकं टेबलावर आपटलं होतं, कारण त्याने डबा सरकवला. त्या आठवड्यात बायको घरून ते पुस्तक घेऊन आली आणि कुणाला न विचारता मोठ्याने वाचायला लागली.

जाडजूड पुस्तक, सहाशे चाळीस पानांचं. वर चित्र होतं, एक मुलगी आणि तिच्यामागे उंच, टोकदार कानांचा माणूस, शर्टाची सगळी बटणं उघडी.

"याला थंडी नाही वाजत?" मावशीने विचारलं. मावशी चरबी साफ करायच्या टेबलावर असते. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही.

"तो माणूस नाही मावशी. परीजन आहे तो," बायको म्हणाली.

परीजन म्हणजे लहानपणीच्या छडीवाल्या पऱ्या नव्हेत. हे देखणे असतात, शेकडो वर्षं जगतात, आणि रक्त सांडायचं म्हटलं की मागेपुढे बघत नाहीत. त्यांना खोटं बोलता येत नाही. दिलेला शब्द मोडता येत नाही. आणि लोखंड सोसत नाही, लागलं की कातडी भाजून निघते.

"म्हणजे आपली एक पाळी पाठवली की राज्य साफ," मावशी म्हणाली.

पुस्तकातली मुलगी घंटा ओतणाऱ्याची लेक. पाणथळीच्या दरबारातले परीजन तिला उचलून नेतात. तिथे राजपुत्र असतो, तीनशे वर्षांचा.

"तीनशे? आणि अजून लग्न नाही? काहीतरी खोट असणार."

"मावशी, तुम्ही बघता का तुमच्यासाठी?"

"एवढा म्हातारा नको रे बाबा. आधीचाच एक निस्तरता निस्तरेना."

प्रेमाची पानं आली की बायको थांबायची, गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "इथून पुढची दोन पानं तुमच्या कामाची नाहीत," आणि पानं उलटायची. मग सगळे टेबल बडवायचे. ती दोन पानं घरी मला मिळायची.

हळूहळू नियम पडला. वाचणाऱ्याचा एप्रन दुसऱ्याने धुवायचा, कारण तिची अर्धी सुट्टी वाचण्यात जायची. पाळीपाळीने सगळ्यांनी धुतला. मुकादमानेसुद्धा एकदा धुतला. भांडणं बंद झाली. माणसं मारलेली ऐकायला मिळायला लागली तेव्हा मारायची गरज कमी झाली असावी. पुस्तकात दर दहा पानांना कुणीतरी कापला जायचा, आणि आम्ही त्या धंद्यातली माणसं, आम्हाला ते बरोबर कापलंय की नाही हे कळायचं. "मानेवर असा वार केला तर तलवार अडकणार," असं कुणीतरी म्हणायचं आणि बायको पुस्तकाला उद्देशून म्हणायची, "ऐकलंस का?"

लोहार साधारण चाळिसाव्या पानावर आला. दरबारात तो एकटाच मनुष्यजातीचा कारागीर. परीजनांना लोखंडाला हात लावता येत नाही म्हणून धरून आणलेला. काम वेळेवर करायचा आणि राजपुत्राला तोंडावर बोलायचा. करवतदादाचा जीव त्याच्यावर जडला. करवतदादा आमच्याकडे हाडं कापायच्या विजेच्या करवतीवर होता. वयाने सगळ्यांत मोठा, बोलणं मोजकं. "हा आपला माणूस," तो एकदा म्हणाला होता. त्याच्या मानाने ते भाषण होतं.

एका शुक्रवारी बायको अशा जागी थांबली की लोहाराने मुलीसाठी रात्रीत किल्ल्याचं दार उघडलंय, तो पकडला गेलाय आणि त्याला राणीसमोर उभं केलंय. घंटा झाली. सगळे शिव्या देत कामाला गेले. त्याच दुपारी करवतीने दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. मी दोन टेबलांपलीकडे होतो. आवाज रोजच्यासारखाच आला, हाड कापल्याचा.

दोन आठवडे कुणी पुस्तकाचं नाव काढलं नाही. मग दादा परत आला. करवतीवर नाही, दारापाशी बसून वजनं लिहायला, डाव्या हाताने. पहिल्या दिवशी सुट्टीत येऊन बसला, पट्ट्या बांधलेल्या हाताचं गाठोडं मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, लोहाराचं काय झालं?"

बायकोने पुस्तक उघडलं. पानाकडे बघितलं, दादाच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघितलं. मग वाचलं, की लोहाराने पहारेकऱ्याच्या तोंडावर तापलेली सळई मारली आणि तो निसटला. दोन ओळी. दादाने मान हलवली.

त्यानंतर लोहार रोज असायचा. त्याने मुलीला सुरी घडवून दिली. दलदलीवर पूल बांधला. एका सरदाराला त्याच्याच साखळीने गळफास दिला. असं करत चारशे ऐंशीव्या पानापर्यंत आलो, आणि एका मंगळवारी सकाळी बायकोचं डोकं दुखायला लागलं आणि दुपारी अडीचला ती गेली. मेंदूत रक्तस्राव.

मी शिकलेला कमी. वाचतो, पण ओळीखाली बोट धरून. ती गेल्यावर संध्याकाळी करायला काही नव्हतं म्हणून पुस्तक घेतलं. शेवट काय होतो ते तिला कळलं नाही, मला तरी कळावं असं वाटलं. पहिल्या पानापासून सुरू केलं. खरं सांगतो, मला ते आवडलं. घरात कुणी मेलेलं असताना एखादी गोष्ट आवडते याची लाज वाटली, तरी आवडलं.

मग एकशे अडतिसावं पान आलं. राजपुत्राने राणीला शब्द दिलेला असतो की दार उघडणाऱ्याचे हात मी स्वतः तोडीन. तेव्हा त्याला माहीत नसतं कोण आहे. परीजनाला शब्द मोडता येत नाही. लोहाराचे हात त्याच्याच ऐरणीवर ठेवतात. राजपुत्र एकेक करून तोडतो, दोन घावांत नाही, पाच घावांत, आणि रडतो. लोहार सकाळपर्यंत तिथेच पडून असतो आणि रक्त जाऊन मरतो.

मी ते तीनदा वाचलं. मग पुढची पानं चाळली. लोहार कुठेच नव्हता. सुरी मुलीला एका म्हातारीने दिली होती. पूल आधीपासूनच होता.

म्हणजे बायकोने त्या दिवशी दादाच्या हाताच्या गाठोड्याकडे बघितलं आणि तिला ते मोठ्याने वाचवेना. एकदा लोहाराला जिवंत ठेवलं म्हटल्यावर त्याला रोज सांभाळणं आलं. वाचता वाचता, पानावरून नजर न काढता, तीनशेच्या वर पानं. मलाही बोलली नाही. खऱ्या पुस्तकात त्या मुलीला राजपुत्राला माफ करायला साठ पानं लागतात. ती त्याच्यावर सुरी चालवते, त्याच्या खोलीला आग लावते, त्याच्या हातचं पाणी पीत नाही. ती साठ पानं पुस्तकातली सगळ्यांत चांगली आहेत. ती बायकोला गाळावी लागली. एकटीने वाचली असतील कधीतरी.

दोन महिन्यांनी मावशीने मला सुट्टीत गाठलं. "पुस्तक आण रे. अर्धवट राहिलंय. तिला बरं वाटेल."

मी आणलं आणि वाचायला लागलो. चार दिवस वाचलं. अडखळत, घाम पुसत.

"वाचतोस की दगड फोडतोस?" मावशी म्हणाली.

त्यात दादा समोर बसलेला. म्हणून मी दर पानाला मध्ये घुसडायचो, "लोहारही तिथे उभा होता." मला यापेक्षा जास्त सुचायचं नाही. चौथ्या दिवशी मावशी म्हणाली, "हा लोहार नुसता उभाच का राहतो? कंबर धरली की काय त्याची?"

सगळे हसले. दादा हसला नाही. "आजारी असेल," तो म्हणाला.

तेव्हा मेहुण्याने माझ्या हातातून पुस्तक घेतलं. "द्या दाजी. तुमच्याच्याने नाही होणार."

तो झरझर वाचतो, बहिणीसारखंच. तिनेच शिकवलेलं. ती गेल्यापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता आणि कारण मला माहीत होतं. त्या मंगळवारी मी हॉस्पिटलमधून मुकादमाच्या फोनवर त्याला सांगितलं होतं, "चक्कर आली आहे तिला जरा. घाबरू नको. पाळी संपवून ये." तो पाळी संपवून आला. साडेचारला. हातात तिच्यासाठी संत्री होती.

पहिल्या दिवशी त्याने बारा पानं वाचली. दादा म्हणाला, "लोहार?"

"नाहीये इथे. पुढे येईल."

दुसऱ्या दिवशी परत. "लोहार?"

"अरे दादा, नाहीये!"

तिसऱ्या दिवशी त्याने पुस्तक घरी नेलं, कुठे गेला लोहार ते बघायला. मी त्याला थांबवायला पाहिजे होतं. काय सांगून थांबवणार ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आज मागचं एक पान वाचणार आहे मी. सगळ्यांनी या." माझ्याकडे बघून म्हणाला. डोळे लाल होते. रात्रभर वाचलेलं दिसत होतं.

सव्वाबाराला मी त्याला थंड खोलीत गाठलं. तिथे सोललेली जनावरं आकड्यांना टांगलेली असतात, चार रांगा, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. पुस्तक त्याच्या एप्रनच्या आत होतं, कोपरा वर आलेला.

"ते पान वाचू नको," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत होतं."

"महिना झाला."

"आणि गप्प बसलात. अर्थात. गप्प बसण्यात तुमचा हात कोण धरणार."

"दादासाठी केलं तिने. त्याची बोटं नुकतीच..."

"कळलं मला ते. मी बैल नाही." त्याच्या तोंडातून वाफ येत होती. "दादा काय कुक्कुलं बाळ आहे? त्याचा माणूस मेलाय आणि तो रोज विचारतोय कुठे आहे, कुठे आहे. आणि तुम्ही सांगताय उभा आहे, उभा आहे. मला माहितीये ते कसं असतं. मीपण संत्री निवडत होतो, दाजी. एकेक दाबून बघत होतो पिकलंय का."

मी पुस्तकाला हात घातला.

त्याने कपाळाने माझ्या तोंडावर मारलं. दात हललेला मला आधी कळला, दुखलं नंतर. मी मागे गेलो, एक धड माझ्या पाठीवर आदळलं, झुललं आणि परत येऊन मला त्याच्या अंगावर ढकललं. माझ्या डाव्या हातात लोखंडी साखळीचा हातमोजा होता, कापताना घालतो तो. मी त्या हाताने त्याच्या कानावर ठोसा मारला. कान वरून फाटला. रक्त त्याच्या मानेवरून कॉलरमध्ये गेलं. त्याने मला एप्रनच्या पट्ट्याने धरलं आणि रांगेतल्या धडांवर आपटत नेलं, एक, दोन, तीन, प्रत्येक धडाची फासळी माझ्या फासळीला लागत होती. आकडे रुळावर किरकिरत होते. मी त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली, तो पडला, मी त्याच्यावर पडलो. त्याने दोन्ही हातांनी माझा गळा धरला. ते हात मला माहीत आहेत. जनावर पडल्यावर बाजूला ओढतो तो त्या हातांनी. मला दिसायचं कमी झालं.

सुरी माझ्या हातात कधी आली ते मला कळलं नाही. बावीस वर्षांत माझी सुरी जनावराशिवाय कुणाला लागलेली नाही. ती त्याच्या मानेला टेकली होती, कानाच्या खाली, जिथे दाबलं की आपोआप आत जाते.

त्याने गळा सोडला नाही. पण दाबायचा थांबला.

"मारा," तो म्हणाला. "तेवढं तरी खरं करा काहीतरी."

मी सुरी टाकली. फरशीवर वाजली. मला खोकला येत होता, तोंडातून रक्त येत होतं, ते त्याच्या छातीवर पडत होतं.

"ती शुद्धीवर होती," मी म्हणालो.

"काय?"

"मी तुला म्हणालो होतो की आणलं तेव्हापासून बेशुद्ध होती. खोटं. बारापर्यंत बोलत होती. दोनदा विचारलं तिने, तो कुठे आहे. मी म्हटलं निघालाय."

त्याचे हात माझ्या गळ्यावरच होते.

"का?" तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले होते वाचणार नाही. तुला सांगितलं असतं तर मला ते मोठ्याने बोलावं लागलं असतं. माझ्याच्याने झालं नाही. तुझ्यासाठी नाही केलं मी. माझ्यासाठी केलं."

मला वाटलं आता तो मला मारील. मारायला पाहिजे होतं. मी तोंड बाजूलाही केलं नाही. त्याने मला ढकलून बाजूला केलं, उठून बसला आणि आकड्याला धरून उभा राहिला. मग माझ्या पोटात एक लाथ घातली, एकच, सगळ्या अंगाने. मी फरशीवर गोळा होऊन पडलो. साडेबाराची घंटा झाली. त्याने एप्रनखालून पुस्तक काढलं, पुसलं आणि गेला.

मी पोचलो तेव्हा सगळे बसले होते. मावशीने माझ्याकडे बघितलं, मग मेहुण्याच्या कानाकडे. "दोघं मिळून जिन्यावरून पडलात का?"

"हो," मी म्हणालो.

"आठवडाभर पडू नका. साफसफाई मला करावी लागते."

मेहुणा उभा राहूनच वाचायला लागला. "हे एकशे अडतिसावं पान. ताईने हे वाचलं नव्हतं." आवाज कोरडा होता. लोहाराला राणीसमोर आणलं. राजपुत्राने शब्द दिला होता. ऐरण आणली. सगळं तसंच, जसं लिहिलंय तसं. मी दादाकडे बघत होतो. मला उठून त्याला बाहेर न्यायचं होतं, पण पोटातल्या लाथेमुळे उभं राहता येत नव्हतं.

"'लोहाराचे हात ऐरणीवर ठेवण्यात आले,'" मेहुण्याने वाचलं.

दादाने उजवा हात टेबलावरून काढला आणि टेबलाखाली नेला. हळूच. चमचा डाव्या हातात घेतला, जसं काही तेवढ्यासाठीच हात हलवला होता.

मेहुणा थांबला.

त्याच्या कानातून अजून रक्त ठिबकत होतं, पानावर पडलं. त्याने ते अंगठ्याने पुसलं. खोलीत कुणी चावतसुद्धा नव्हतं. मी त्याचे डोळे बघत होतो. ते एका ओळीवर होते, आणि ती ओळ मला पाठ आहे. त्यात पहिला घाव पडतो.

"'तेव्हा,'" तो म्हणाला. मग परत, "'तेव्हा लोहाराने...'"

डोळे हलत नव्हते. मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसावं.

"'तेव्हा लोहाराने डोकं आपटलं. धरणाऱ्याच्या नाकावर. नाक आत गेलं. पहारेकऱ्याचा हात सुटला. लोहाराने ऐरणीवरचा खिळा उचलला, एवढा, वीतभर, आणि दुसऱ्या पहारेकऱ्याच्या कपाळात मारला. दोन डोळ्यांच्या मध्ये नाही. थोडा वर. डाव्या शिंगापासून... डाव्या कानापासून उजव्या डोळ्यापर्यंत एक रेघ ओढायची, उजव्या कानापासून डाव्या डोळ्यापर्यंत दुसरी. जिथे छेदतात तिथे. तिथे हाड पातळ असतं. पहारेकरी जागच्या जागी खाली. पाय झाडत होता, पण ते नुसतं झाडणं, त्याला काही कळत नव्हतं.'"

"बरोबर," कुणीतरी पुटपुटलं.

"'लोखंड होतं ते, त्यामुळे आतून भाजला. डोळ्यांतून धूर आला. तिसरा आला. त्याचा लोहाराने गळा धरला. दोन्ही हातांनी. आणि सोडला नाही.'" इथे मेहुण्याने पान उलटलं. "'सोडला नाही. त्याचे डोळे बाहेर आले तरी. मग तापलेली सळई घेतली आणि चौथ्याच्या तोंडावर मारली आणि निसटला.'" त्याने पुस्तक मिटलं. "झालं. पुढचं ताईने वाचलंय."

टेबल बडवायला सुरुवात झाली. सगळं टेबल. डबे उडत होते.

दादा तोंड उघडं ठेवून बघत होता. "हे तिने का गाळलं?"

मीच काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मेहुण्याने आधी सांगितलं, "फार रक्त होतं, दादा. म्हणाली जेवणावर नको."

"वाटलंच मला," दादा म्हणाला. "दोन ओळींत कसा सुटेल माणूस? त्या दिवशीच वाटलं होतं." त्याने उजवा हात वर आणला, टेबलावर ठेवला आणि त्याच हाताने, अंगठा आणि एका बोटाने, पाण्याचा पेला पुढे ओढला. "पण चार मारले म्हणजे फारच. राजपुत्र काय बघत बसला होता?"

"त्याचा शब्द होता ना हात तोडायचा," मावशी म्हणाली. "शब्द मोडता येत नाही त्यांना."

"मोडला नाही. लांबणीवर टाकला," मेहुणा म्हणाला.

"असं चालतं?"

"तीनशे वर्षं जगायचं असल्यावर चालत असेल."

"ते जाऊ दे," दादा म्हणाला. "आता कुठे आहे तो? किल्ल्याला आग लागलीय, मुलगी आत अडकलीय, आणि हा गेले तीन दिवस कुठे आहे?"

मेहुणा बाकावर बसला. कानाला हात लावला, हाताकडे बघितलं. मग पुस्तक टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. "दाजींना विचारा. त्यांनी शेवटपर्यंत वाचलंय."

हे मात्र खरं होतं. शेवटी मुलगी आणि राजपुत्र दोघं जगतात, दरबार जळून जातो, आणि लोहाराची एका ओळीत आठवण काढतात. चांगला शेवट आहे. मला रडू आलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मागच्या दाराशी आहे," मी म्हणालो.

"परत उभा?" मावशी ओरडली.

"नाही. दार लावून घेतोय. आतून. कडी घालतोय."

"आत कोण आहे?"

"राणी. आणि तिची माणसं."

"किती?"

मी कधी आयुष्यात गोष्ट सांगितलेली नाही. बायको सांगायची. मला पोटात कळ येत होती, आणि जीभ सारखी त्या हललेल्या दाताशी जात होती. "सहा," मी म्हणालो.

"सहा म्हणजे जास्त आहेत," मेहुणा म्हणाला. मान खाली घालून, पण माझ्याशी. "एकट्याला."

"जमतील."

"मग सांगा ना. कुणापासून सुरुवात करतो?"

दादा पुढे सरकला. पहिलं वाक्य फसलं माझं. दुसऱ्या वाक्यात मी राणीचा पहिला माणूस मारला.